जेनीच्या मॅचला मी नसते

मासे साफ करून, दोनदा साबण लावून, धुतलेली साडी नेसून बाई चर्चला गेली तरी कोपराला कुठेतरी एक खवला चिकटलेला असतोच. किश्शांचं तसंच आहे. आपण म्हणतो झालं, संपले, आणि परत एक निघतो. माझ्याकडे टेनिसचे इतके निघतात की सावंत सर एकदा म्हणाले, "फिलोमिनाबाई, ऐकून ऐकून माझे कान किटले. आता लिहून काढा!"

मी म्हटलं, "सर, मी चौथी पास."

सर म्हणाले, "मग काय झालं? भांडता तर तुम्ही वकिलासारख्या!"

भाईंदर पूर्वेच्या बाजारात मी मासे विकते. गिऱ्हाइकं विचारतात, "फिलू, तुझी पोरगी टेनिस खेळते, देशोदेशी जाते, मग तू अजून बोंबील कशाला विकतेस?"

मी सांगते, "कारण तिला विकता येत नाहीत!"

तर ती पोरगी म्हणजे जेनी. कागदावर जेनिफर. वय पंचवीस, धंदा टेनिस. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. दहा वर्षं मला तिची एकही मॅच खुर्चीत बसून धड बघायला मिळाली नव्हती. पास मिळत नव्हता म्हणून नाही. पोरीनेच बंदी घातली होती म्हणून! सगळ्यांच्या आया पहिल्या रांगेत पाय पसरून बसायच्या आणि मी भिंतीपलीकडे. का, ते येतंच.

* * *

सुरुवात पापलेटपासून झाली.

तेव्हा आम्ही उत्तनला राहायचो. मी पाटी घेऊन नवघरच्या सोसायट्यांमध्ये फिरायचे. शाळेला सुट्टी असली की जेनी माझ्या मागे. एका सोसायटीच्या पाठीमागे लाल मातीची दोन टेनिस कोर्टं होती. तिथे सावंत सर पोरांना शिकवायचे. मूळचे रत्नागिरीचे, मिशी मोठी, आवाज तिच्याहून मोठा.

एक दिवस कुंपणावरून बॉल उडाला तो थेट माझ्या पाटीत, दोन पापलेटांच्या मधे. जेनी सात वर्षांची. तिने बॉल उचलला, माझी मासे कापायची फळी घेतली आणि असा हाणला की बॉल कुंपण ओलांडून सरांच्या पायाशी.

सर धावत बाहेर आले. मला वाटलं, आता हा बुवा बॉलला वास लागला म्हणून भांडणार. मी पदर खोचून तयार! तर म्हणतो, "ही पोरगी उद्यापासून माझ्याकडे पाठवा. टेनिस शिकेल. एक दिवस परदेशात जाईल."

मी म्हटलं, "सर, उत्तनची बस अजून वेळेवर येत नाही आणि तुम्ही परदेशात पाठवताय! पापलेट घेताय की नाही ते बोला."

पापलेट घेतलं. बॉल मात्र तसाच खेळात गेला आणि ध्वनी नावाच्या दुसऱ्या एका पोरीच्या बॅगेतून तिच्या घरी पोचला. घर शुद्ध शाकाहारी. तिची आई हेतलबेन. तिने तो बॉल नाकाला लावला, किंचाळली आणि पातेल्यात घालून उकळला! दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर येऊन उभी. "बेन, तमारा बॉलने मेरा पातेला बिगाड दिया."

मी म्हटलं, "पातेलं इकडे द्या, मला कालवणाला चालेल."

तेव्हापासून आमची मैत्री. तशी भांडणंच जास्त, पण मैत्री.

* * *

जेनी बारा वर्षांची झाली तेव्हा पहिल्यांदा पेपरात फोटो आला. टेनिसचा आखूड स्कर्ट, एक पाय हवेत. रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर चार बायका जमल्या. नवऱ्याला, आंतोनला, गाठलं. "आंतोन, पोरीची जात आहे. एवढा आखूड फ्राक? गावात काय तोंड दाखवणार?"

आंतोन बिचारा टेम्पो चालवतो. हॉर्नशिवाय त्याला दुसरा आवाज नाही. तो चपला बघत उभा.

माझे सासरे, पास्कूबाबा, मागून काठी टेकत आले. ऐंशीचे. सगळी हयात होडीवर गेली. जुने कोळी होडीवर कंबरेला फक्त एक तिकोनी रुमाल बांधायचे, बाकी अंगावर काही नाही, तेही तसलेच.

म्हणाले, "मी जलमभर एवढासा रुमाल बांधून दर्यात गेलो. तुमी चौघी बंदरावर उभ्या ऱ्हाऊन बगायच्या. तवा कोनी बोल्ला न्हाय! पोरीचा फ्राक माज्या रुमालापेक्षा मोटा हाय."

चारही बायका पुढचे दोन महिने दुसऱ्या मिस्सेला यायला लागल्या.

* * *

आता गटिंगचा किस्सा. रॅकेटमध्ये जी जाळी असते तिला आमच्यात गट म्हणतात आणि ती विणण्याला गटिंग. ती सारखी तुटते. गट किती ताणायची ते पाउंडात मोजतात. सरांकडे एक जुनं हाताचं यंत्र होतं आणि एक गटिंगवाला यायचा. ऐन स्पर्धेच्या आदल्या दिवशी तो गावाला पळाला. जेनीच्या तिन्ही रॅकेटी फाटलेल्या. सर केस उपटायच्या बेतात. केस नव्हते, मिशी उपटत होते.

मी रॅकेट हातात घेऊन बघितली. म्हटलं, "हे एवढंच? हे तर जाळंच आहे! उत्तनची बाई आहे मी सर, पाचव्या वर्षापासून जाळी विणतेय."

"येईल तुम्हाला?"

"डोळे मिटून!"

घरी नेली. संध्याकाळभर बसून एक नंबर विणली. घट्ट, चौकोन सगळे सारखे, एक धागा हलला तर नाव बदलेन! सकाळी मोठ्या ऐटीत सरांच्या हातात दिली. सरांनी बघितली. डोळ्यांजवळ नेली. मग हळूच खाली बसले.

मी प्रत्येक चौकोनाला गाठ मारली होती. तीनशेच्या वर गाठी! जाळ्याला गाठ नसली तर मासा निसटतो ना? मला काय माहीत टेनिसच्या धाग्यांनी एकमेकांवरून सरकायचं असतं?

सर म्हणाले, "बाई, पोरीला समोरच्याला हरवायचंय. बोंबील पकडायचे नाहीत!"

पण तोवर दुसरी रॅकेट नव्हती. जेनी तीच घेऊन उतरली. पहिला बॉल असा काही वाकडा उसळला की समोरची पोरगी रॅकेट खाली ठेवून बघतच राहिली. दोन गेम जेनीने तसेच जिंकले. मग त्या पोरीच्या बापाने तक्रार केली. अधिकारी आले, रॅकेट उलटसुलट केली आणि विचारलं, "हे कोणत्या कंपनीचं?"

जेनी म्हणाली, "उत्तन."

रॅकेट बाद झाली. पण सरांनी यंत्र उचलून माझ्या घरी आणून ठेवलं. महिनाभरात मी ते शिकले. आता जेनीच्या प्रत्येक रॅकेटची गटिंग मीच करते. तिला बावन्न पाउंड लागतात. यंत्र एक्कावन्न दाखवतं की त्रेपन्न, मी बघत नाही. नखाने टिचकी मारते आणि ऐकते. आवाजावरून कळतं.

* * *

आता बंदी का आली ते. हा किस्सा मी आत्तापर्यंत अर्धाच सांगत आलेय. आज पुरा सांगते.

जेनी पंधराची. फायनल ध्वनीशी. म्हणजे हेतलबेनच्या पोरीशीच. लहान स्पर्धांना अंपायर नसतो. आपल्या बाजूला पडलेला बॉल आत की बाहेर ते पोरींनी स्वतःच सांगायचं. तिसरा सेट, अटीतटीचा. जेनीने बॉल मारला, रेषेपाशी पडला. ध्वनी म्हणाली, "आउट."

मी कुंपणाबाहेर होते. कधी दार उघडलं, कधी आत गेले, मलाच कळलं नाही. "आउट कसला? आत होता! हा बघ डाग!" लाल मातीत बॉलचा डाग उमटतो. मी सरळ रेषेवरच्या एका डागावर बोट ठेवलं. हेतलबेन पलीकडून धावत आली. "फिलू, ए डाग तो पुराना छे!" मी म्हटलं, "तुझ्या डोळ्यात पुराना!" दोघी कोर्टाच्या मधोमध! तिची पर्स, माझी चप्पल. अधिकाऱ्याने आम्हा दोघींना हाताला धरून बाहेर काढलं आणि माझ्या वागण्याची शिक्षा म्हणून जेनीचा एक पॉइंट कापला. ती तिथेच हरली.

घरी येईपर्यंत जेनी माझ्या दहा पावलं पुढे चालत होती. दारात चपला काढताना म्हणाली, "आई, बॉल आउट होता."

मी पाण्याचा तांब्या उचलला.

"तुला दिसलं होतं. तरी तू दुसरा डाग दाखवलास." मग म्हणाली, "यापुढे माझ्या मॅचला तू बसायचं नाही. तू दिसलीस तर मी रॅकेट ठेवून निघून जाईन."

मला वाटलं, पोर आहे, आठवड्यात विसरेल. पुढच्या मॅचला गेले. मी दिसताच तिने खरंच रॅकेट बॅगेत भरली!

आता इतक्या वर्षांनी सांगते. चार बोटं बाहेर होता. चांगली चार बोटं.

* * *

पण मीही हरणारी नाही. पुण्याला मोठी स्पर्धा होती. मी हेतलबेनला म्हटलं, "तुझी एक साडी दे." तोवर ध्वनीने टेनिस सोडलं होतं, सीएची परीक्षा देत होती. हेतलबेनला मात्र टेनिस सुटेना. आता ती जेनीच्या मॅचला यायची. म्हणजे माझ्या पोरीला ती बघणार आणि मी नाही! सांगा, कसं वाटत असेल?

हेतलबेनने मला गुजराती पद्धतीने साडी नेसवली. पदर उजव्या खांद्यावरून पुढे, डोक्यावरून कपाळापर्यंत, डोळ्यांना काळा चष्मा. चौथ्या रांगेत बसवलं. म्हणाली, "मोढुं बंद राखजे."

राखलं! अख्खा सेट रुमाल तोंडात धरून बसले. जेनी किती सुंदर खेळते, ते पहिल्यांदा इतक्या जवळून बघत होते. दुसऱ्या सेटमध्ये तिने धावता धावता असा एक उलट्या हाताचा फटका मारला की लोक उभे राहिले, टाळ्या वाजल्या. आणि माझी दोन बोटं आपोआप तोंडात गेली. शिटी! लांबच्या होडीला बोलवायला आम्ही बंदरावर मारतो ती. अख्ख्या स्टेडियममध्ये घुमली.

जेनी सर्व्हिस करायला निघाली होती. थांबली. मागे वळलीसुद्धा नाही. बॉल जमिनीवर आपटत मोठ्याने म्हणाली, "हेतल आंटी, तुमच्या सासूबाईंना बाहेर न्या. आणि सांगा, साडी छान दिसतेय."

* * *

त्यानंतर मी माझी जागा शोधून काढली. जिथे गटिंग करतात ती खोली. खेळाडू आपला गटिंगवाला, त्यांच्या भाषेत स्ट्रिंगर, आणू शकतो, मग मी कोण? कोर्टाकडे पाठ, समोर यंत्र. पण कान आहेत ना! बॉल रॅकेटच्या मधोमध बसला की भरलेला आवाज येतो. पाय वेळेवर पोचला नाही की कोरडा येतो. हजार रॅकेटींमधून माझी गट मी ओळखते. खोलीतले बाकीचे फोनवर स्कोअर बघायचे, मी त्यांच्या आधी सांगायचे.

जेनीला जोडीने खेळायला एक परदेशी पोरगी मिळाली होती. मिलेना, बर्फाच्या देशातली, पांढरीफटक. मुंबईत स्पर्धा होती म्हणून आठ दिवस आमच्याकडे, नवघरच्या नव्या घरी राहिली. तिला मराठी नाही, मला तिची भाषा नाही. तरी जेवायला बसली की सात बोंबील खायची. दिवसभर माझ्या मागे मागे फिरायची आणि सगळं ऐकायची.

मॅचमध्ये तिने एक सोपा बॉल जाळीत मारला आणि स्वतःवरच चिडून ओरडली, "मेल्या मुडद्या!" बाहेरून आलेल्या लोकांना काही कळलं नाही, पण अंपायर नेमका अलिबागचा निघाला! त्याने तिथल्या तिथे शिवीगाळीची वॉर्निंग दिली.

मिलेना रडकुंडीला आली. खुर्चीपाशी जाऊन इंग्लिशमध्ये सांगायला लागली, "ही शिवी आहे? जेनीची मम्मी रोज सकाळी अंकलना असंच उठवते!"

अंपायर म्हणे माइक बंद करून दोन मिनिटं खाली बघत होता. वॉर्निंग मात्र मागे घेतली नाही. आंतोन घरी येऊन म्हणाला, "आता परदेशातसुद्धा माझी अब्रू गेली." मी म्हटलं, "ऊठ मग वेळेवर!"

* * *

दोन वर्षांपूर्वी एका स्पर्धेत मी यंत्रावर बसले होते आणि बाहेरून आवाज कोरडा यायला लागला. एकदा, दोनदा. फक्त डाव्या कोपऱ्यातून. जेनी मॅच जिंकली, सगळे खूश. मी सरांना गाठलं. "सर, डावीकडे पळताना हिला उजव्या पायावर थांबावं लागतं. तो गुडघा दुखतोय. ती लपवतेय."

"तुम्ही बघितली कुठे मॅच?"

"म्हणून तर कळलं. बघणारे तिचा चेहरा बघतात."

गुडघ्याच्या आत फाटलं होतं. ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, वर्षभर काही नाही. पुढे खेळेल की नाही, तेही सांगता येत नाही. जगात तिचा जो काही नंबर होता तो पुसला गेला. पोरगी खाटेवर, पायाला पट्टा. यंत्रावर मी कापड टाकून ठेवलं. घरात टिचकीचा आवाज नाही. माझ्यावर बंदी होती तेव्हा निदान बंदी घालणारी कोर्टावर होती!

आणि लोकांना तर संधीच पाहिजे. वसईचं एक स्थळ आलं. मुलगा, मुलाची आई, केक. आईने जेनीला वरून खालून बघितलं, चांदीच्या कपांकडे बघितलं आणि म्हणाली, "आता खेळ संपलाच ना? बरं झालं. पण गुडघा नीट होईल ना हो? चर्चमध्ये गुडघे टेकावे लागतात."

जेनी खाटेवरून माझ्याकडे बघायला लागली. मी आत गेले, केकचा डबा उचलला, परत त्या बाईच्या मांडीवर ठेवला.

"गुडघा होईल नीट," मी म्हटलं, "पण लग्नाचं विचारताना गुडघा मुलाने टेकायचा असतो. तुमच्या पोराला आधी सराव करू द्या!"

ती माणसं गेल्यावर जेनी कितीतरी महिन्यांनी हसली. म्हणाली, "आई, यंत्रावरचं कापड काढ."

* * *

आता शेवटचा.

या वर्षी मुंबईत मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती. जेनीचा नंबर नव्हता, पण आयोजकांनी तिला क्वालिफाइंगमध्ये जागा दिली. क्वालिफाइंग म्हणजे चाळणी. तीन मॅच जिंकल्या तरच खऱ्या स्पर्धेत, मेन ड्रॉमध्ये नाव. दोन जिंकल्या. तिसरीच्या आदल्या दिवशी घरी म्हणाली, "आई, गुडघा अजून एक वर्ष असा ओढणार नाही. उद्या नाही झालं तर मी थांबते. सरांच्या कोर्टावर पोरांना शिकवेन."

मी रात्री यंत्रावर बसले. चार रॅकेटी विणून दिल्या. सकाळी विचारलं, "मी येऊ?"

"ये ना. गटिंगच्या खोलीत."

म्हणजे कदाचित शेवटची मॅच, आणि तीही मी भिंतीकडे तोंड करून ऐकायची!

पहिला सेट गेला. दुसरा आला. कान दुखायला लागले माझे. तिसऱ्या सेटमध्ये हवा दमट झाली आणि जेनीच्या दोन रॅकेटी पाठोपाठ फाटल्या. तिसरी आधीच फाटलेली. रॅकेटी नेणारी-आणणारी एक मुलगी होती, ती धापा टाकत आली, "आंटी, एकच उरलीय, लवकर!" मी विणायला घेतली. इतक्यात त्या मुलीला दुसऱ्या कोर्टावर बोलावलं. माझी रॅकेट तयार झाली, टिचकी मारली, बरोब्बर बावन्न. आणि न्यायला कोणी नाही.

बाहेरून आवाज आला. तुटक, फाटका. चौथी गेली!

मी पदर खोचला आणि पळाले. पहारेकरी म्हणाला, "मावशी, पास?" मी रॅकेट दाखवली, तो बाजूला झाला. थेट कोर्टाच्या दारात. जेनी रिकाम्या हाताने उभी. मला बघितलं. दहा वर्षांनी, साडी माझीच, तोंड उघडं. सावंत सर बाजूच्या खुर्चीत होते, त्यांनी डोळेच मिटले. जेनी चालत आली, रॅकेट घेतली, नखाने टिचकी मारली आणि कान देऊन ऐकली. माझ्यासारखीच.

अंपायर वरून म्हणाली, "मॅडम, एकतर बसा नाहीतर बाहेर जा. खेळ थांबलाय." मग जेनीला विचारलं, "तुझी मदर आहे का?"

मी वळले होते बाहेर जायला.

जेनी म्हणाली, "नो. माय स्ट्रिंगर. शी कॅन सिट."

सरांच्या शेजारची खुर्ची. पलीकडे हेतलबेन. मी बसले. हात मांडीखाली दाबून ठेवले, शिटी नको म्हणून.

पाच-चार, चाळीस-तीस. एक पॉइंट आणि मेन ड्रॉ. लांबलचक रॅली. समोरच्या पोरीने बॉल रेषेच्या दिशेने मारला, जेनी उलट्या बाजूला पळत होती, तिची पाठ होती. बॉल पडला माझ्या समोर, सात-आठ हातांवर. रेषेवरचा माणूस ओरडला, "आउट!"

लोक उठले. सरांनी दोन्ही हात वर केले. समोरची पोरगी खाली बसली.

जेनी उडी मारत नव्हती. ती वळली आणि सरळ माझ्याकडे बघायला लागली. काही विचारलं नाही. फक्त बघत होती.

मांडीखालचा हात मी बाहेर काढला. तळवा खाली, आडवा धरला. टेनिसमध्ये याचा अर्थ एकच. बॉल आत होता.

जेनी अंपायरकडे गेली, म्हणाली, पॉइंट तिला द्या. चाळीस-चाळीस, ड्यूस!

सर उठलेले होते ते तसेच अर्धे उभे राहिले. हेतलबेनने माझा दंड इतका चिमटला की काळानिळा झाला. "फिलू! तू मा छे के दुश्मन?"

"गटिंगवाली!" मी म्हटलं.

तो गेम गेला. पाच-पाच. माझ्या बाजूला कोणी माझ्याशी बोलत नव्हतं. सरांनी तर खुर्ची सरकवली. सहा-पाच. मग सात-पाच. शेवटचा आवाज असा भरलेला आला की मी डोळे मिटले असते तरी कळलं असतं. पण मिटले नाहीत.

सर रडत होते, मिशी भिजली. हेतलबेन कोणाच्या तरी गळ्यात पडली होती, बहुतेक अनोळखी माणसाच्या. जेनी हात मिळवून घामाने निथळत आमच्याकडे आली आणि रॅकेट माझ्या मांडीवर टाकली.

"दोन पाउंड जास्त होतं."

"अजिबात नाही! बरोब्बर बावन्न होतं."

"उद्या पन्नास कर." टॉवेलने तोंड पुसलं. दोन पावलं गेली, परत वळली.

"आणि टोपी आण. या खुर्चीवर ऊन येतं."